मिठाच्या गोण्या आणि इंद्राचे हिट पॉइंट

1980 साली अमेरिकेत ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचं एक पुस्तक निघालं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं हे पूरक पुस्तक. खेळणारे अशा पुस्तकाला सोर्सबुक म्हणतात. त्यात ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स देवांच्या जोडीला भारतीय देवांचंही एक प्रकरण आहे, आणि इंद्र, अग्नी, वरुण, काली अशा सगळ्यांना हिट पॉइंट दिलेले आहेत. किती मार बसला की इंद्र आडवा होईल, याचा आकडा रीतसर छापलेला. आमच्यात खेळायला येणारे आप्पा निवृत्त तलाठी आहेत. त्यांना हे पान दाखवलं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “देवाची बी मोजणी आणली व्हय ह्यांनी? मग हद्दी-खुणा कुठंयत?”

लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. खेळात पुरोहित असतात, पुरोहिताला देव लागतो, देवाला थोडी माहिती लागते. पण आकडा दिसला की तो शून्यावर आणायची खाज सुटते, हा माणसाचा स्वभाव. इंद्र कोणाचा मित्र, कोणावर रुसलेला, पाऊस का अडवून बसलाय, हे परिच्छेदात राहिलं. खेळणाऱ्यांनी उचलला तो चौकटीतला आकडा. वेदातल्या देवाचा एक भारी राक्षस झाला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात. जिथं होईल की नाही अशी शंका असेल तिथं फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली तीन पातळ पुस्तिकांच्या एका पेटीतून याची सुरुवात केली. मूळ खेळ खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचा. त्यामुळे नियम आधी आले ते सैनिकाचे. किती चालतो, किती मारतो, किती मार सोसतो. माणसं आणि त्यांच्या भानगडी मागाहून, बाजूच्या दारानं शिरल्या. मुख्य नियमांचं पुस्तक घेतलं की मग एखादा प्रदेश, एखादं शहर, एखादा काळ घेऊन सोर्सबुकं येतात, आणि प्रत्येक लिहिणाऱ्यासमोर तोच पेच असतो की यात नियम किती घालायचे आणि गोष्टी किती.

या पेचातून दोन पूर आले. एक गोष्टींचा. एड ग्रीनवुड यांचं ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग 1987 साली पेटीतून बाहेर आलं तेव्हा त्यात मोकळी जागा पुष्कळ होती; पुढच्या पुस्तकांनी आणि कादंबऱ्यांनी ती भरत नेली. नव्वदीत ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’सारख्या खेळांनी आणखी पुढची पायरी गाठली. जगात काय घडणार ते पुढच्या पुस्तकात छापून यायचं. तुमच्या टेबलावर जो सरदार मेला तो छापील जगात जिवंत, आणि जो तुमचा लाडका तो त्यांनी मारलेला. शेवटी 2004 साली प्रकाशकांनी त्या अख्ख्या जगाचाच शेवट छापून टाकला. दुसरा पूर नियमांचा. 2000 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती खुल्या परवान्यासकट आली आणि कोणीही उठावं, पूरक पुस्तक काढावं असं झालं. त्या काळातलं एखादं पुस्तक मी उघडतो तेव्हा पात्रांचे नवीन वर्ग, म्हणजे पेशे, नवीन करामती, नवीन तलवारी पानंच्या पानं भेटतात. मिटल्यावर एका माणसाचं नाव आठवत नाही.

यावर लोक प्रमाणाची चर्चा करतात. निम्मं-निम्मं असावं, साठ-चाळीस असावं. मला ही चर्चाच फोल वाटते. आमटीत मीठ किती याला प्रमाण असतं, पुस्तकाला नसतं. खरा प्रश्न आहे तो कुठली गोष्ट कुठल्या बाजूला टाकायची हा. कारण पुस्तकात जे नियम म्हणून लिहिलं ते त्या जगाचा निसर्ग होऊन बसतं. त्याच्याशी कोणी बोलू शकत नाही, भांडू शकत नाही, त्याला लाच देऊ शकत नाही. जे गोष्ट म्हणून लिहिलं ते माणसाच्या हाताला लागतं. त्याला फितवता येतं, मोडता येतं, पदरात पाडून घेता येतं.

1981 साली सँडी पीटरसन यांनी ‘कॉल ऑफ कथुलू’ हा भयकथेचा खेळ लिहिला, त्यात हे फार हुशारीनं केलंय. त्यात पात्राला शुद्धीचे, म्हणजे डोकं ठिकाणावर असण्याचे, गुण असतात आणि विश्वातल्या भयंकर रहस्यांचं ज्ञानही गुणांत मोजतात. नियम एवढाच की ज्ञान जितकं वाढेल तितकी शुद्धीची कमाल मर्यादा खाली येईल. जगात जे चाललंय ते नीट कळलं तर माणूस शाबूत राहणार नाही, ही त्या भयकथेची सगळी कळ एका वजाबाकीत उतरली आहे. ती वजाबाकी काढून घ्या, मग उरतात नुसते शेपट्यावाले राक्षस.

आम्ही खेळतो अंबाजोगाईत, एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत. खालून खताचा आणि कीटकनाशकाचा वास येतो, त्यामुळे आमच्या दलदलीतले प्रसंग फार जमतात. आप्पा आहेत, एक स्टाफ नर्स ताई आहेत, दुकानमालक आहे, त्याचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा आहे. भाच्यानंच हे वेड पुण्याहून आणलं. ड्रॅगन मारून झाल्यावर ताई एकदा म्हणाल्या, “हे बर्फाळ डोंगर, ह्या सराया, आपण कधी बघितल्यात का? देवगिरी काय वाईट आहे?” तेव्हापासून आम्ही आमच्यापुरतं एक सोर्सबुक लिहितोय. काळ रामदेवराय यादवाचा, मुलूख देवगिरी ते तेर. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच 2023च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली सर्वांना वापरायला खुला झाला, तो पाया म्हणून घेतला. लेखनाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरी प्रिंटर माझ्याकडे आहे.

पहिलं प्रकरण आपोआप ठरलं. 1296 साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर गेलेला. अलाउद्दीननं आवई उठवली की मागून सुलतानाची मोठी फौज येतेय. राजा किल्ल्यात शिरला. आणि फिरिश्ता या फारसीत लिहिणाऱ्या इतिहासकाराच्या ग्रंथात पुढचं जे येतं ते कुठल्याही कथाकाराला सुचलं असतं तर त्यानं स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पळापळीत व्यापाऱ्यांच्या गोण्या धान्याच्या समजून गडावर चढवल्या होत्या. उघडल्या तर मीठ.

ही गोष्ट सोर्सबुकात लिहायची कशी? ‘किल्ल्यात धान्याऐवजी मीठ होतं, म्हणून तह झाला’ असं लिहिलं तर तो इतिहास झाला. खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही, मान डोलवून पुढं जायचं. भाच्याची सूचना उलटी होती. प्रत्येक गोणीला सहा बाजूंचा फासा टाकायचा, एक आला तर मीठ. हे करून बघितलं. तिसऱ्या गोणीनंतर लोक हसायला लागले. मीठ म्हणजे लॉटरीतलं बक्षीस झालं.

मग लक्षात आलं की मिठाला धार येते ती धान्याच्या हिशोबामुळं. गडावर किती तोंडं आहेत, रोज किती धान्य जातं, किती दिवस पुरेल, हे टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं असलं पाहिजे. म्हणून नियम एकच ठेवला. कागदावर चौकोन आखले, खेळातली प्रत्येक संध्याकाळ झाली की एक चौकोन खोडायचा. त्यात फासे नाहीत, कौशल्य नाही, वशिला नाही. पोट हे निसर्गात मोडतं. बाकी सगळं माणसांकडं सोपवलं. गोण्या चढवणारा नाईक, ज्याला आपली चूक अजून ठाऊक नाही. कोठारावरचा कारकून, ज्याला ठाऊक आहे. खाली पेठेत अडकलेला मिठाचा व्यापारी, ज्याला आपला माल परत हवाय. यांना एकही आकडा दिला नाही. प्रत्येकाला काय हवंय आणि तो काय लपवतोय एवढ्या दोन ओळी.

खेळ लागला तेव्हा गोणीत मीठ आहे हे सर्वांत आधी ताईंच्या पात्राला कळलं. ती कोठारातली बाई. तिनं राजाला सांगायचं सोडून रोजच्या शिध्याच्या भाकरीच लहान करायला लावल्या. चौकोन खोडायचा वेग निम्मा झाला. पण तिच्याकडं बघून आप्पांचं पात्र, गडावरचा एक म्हातारा शिपाई, म्हणालं, “बाई, भाकर बारीक झाली ती कामून?” पुढचा दीड तास त्या एका प्रश्नावर गेला. कोणी तलवार उपसली नाही. भाकरी लहान करण्याचा डाव पुस्तकात कुठंही लिहिलेला नव्हता, तरी तो चालला. कारण मोजणी पक्की होती आणि माणसं सैल होती.

देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला हा मुळातच नियमांनी बांधलेला आहे. आज तिथं दिसतं ते सगळं रामदेवरायाच्या काळचं नाही. चांदमिनारच मुळी बहमनी, पंधराव्या शतकातला. पण तासून उभा केलेला कडा, खंदक आणि अंधेरी नावाची ती काळोखी भुयारी वाट, हे पाहिलं की वाटतं बांधणाऱ्यानं शत्रूला खेळायला लावायचा नकाशाच काढलाय. अंधेरीत वळणं आहेत, पायऱ्या आहेत, वटवाघळांचा वास नाकात बसतो, आणि वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून आत धूर कोंडायची सोय होती. जुन्या खेळात मशालीचा हिशोब असायचा. एक मशाल सहा टर्न चालणार, टर्न दहा मिनिटांचा. नवीन खेळणारे त्याला नाकं मुरडतात, आणि उघड्या माळावर ते रास्तही आहे. तिथं मशाली मोजणं ही निव्वळ कारकुनी. अंधेरीत मात्र मी मशाली मोजायला लावतो. तो नियम अख्ख्या पुस्तकाला लागू केला नाही, त्या एका पानावर आहे. जिथं अंधार स्वतःच शत्रू आहे तेवढ्यापुरता.

आमच्याकडं याचा जुना दाखलाही आहे. महानुभावांचं ‘लीळाचरित्र’ चक्रधरस्वामींच्या आठवणींचं. ते कोणाला काय म्हणाले, कोण रुसलं, कोण हसलं. त्याच्या जोडीला चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ आहे. तिच्यात स्वामी जिथं जिथं राहिले ती ठिकाणं नोंदवलेली. देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कुठल्या अंगाला मठ, झाड कुठं, कुठल्या जागी कुठली लीळा घडली. नुसत्या दिशा आणि जागा. तीर्थाला जाणाऱ्याला ती जागा नेमकी सापडावी एवढाच हेतू, त्यामुळे अलंकार औषधालाही नाही. मला ही पोथी उत्तम सोर्सबुक वाटते. दिशा पक्क्या आहेत, आणि त्या दिशांना नेमकं काय झालं हे शेजारच्या ग्रंथातल्या माणसांवर सोडलंय. आप्पांना हे सांगितलं तर त्यांना लगेच सातबारा आठवला. गट नंबर, क्षेत्र, आकार, सगळे आकडे बिनतक्रार. आणि बाजूला ‘इतर अधिकार’चा रकाना. त्यात विहिरीतला हिस्सा, सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव. “समदी भांडणं त्या रकान्यात असतेत,” आप्पा म्हणाले. “क्षेत्राच्या रकान्यावरनं कोणी कुऱ्हाड काढत नाही. म्हंजे काढतेत, पण कमी.” तेव्हापासून आमच्या पुस्तकात प्रत्येक गावाच्या तक्त्याला शेवटी एक ‘इतर अधिकार’चा रकाना असतो.

सगळ्यांत अवघड गेली ती बारव. परभणी जिल्ह्यात, आमच्या आसपास, जुन्या पायऱ्यांच्या विहिरी जागोजागी आहेत. वालूरची गोल बारव तर बघतच राहावी अशी. उन्हाळ्याच्या प्रवासाचं प्रकरण लिहिताना पाण्याचा नियम हवाच होता. टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेल्या, 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं पाहिलेल्या लोकांच्या टेबलावर पाणी फुकट मिळतं असं दाखवलं तर लोक उठून जातील. ते सोपं होतं. चैत्रात दिवसभर चाललं आणि पाणी मिळालं नाही तर पात्र थकतं, इतकंच.

पण बारवेवर पोचल्यावर पाणी कोणाला मिळणार? काळ तेराव्या शतकाचा. कोण खाली उतरणार, कोण वर ताटकळत राहणार, कोणाच्या हातावर वरून पाणी ओततील, हे टाळून लिहिलं तर पुस्तक खोटं. भाच्यानं इंटरनेटवरच्या सवयीनं एक तक्ता करून आणला होता. पात्राची जात अमुक तर संवादाच्या फाशात उणे दोन, तमुक तर उणे पाच. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वास्तव दाखवायचं होतं. ताईंनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, “हे छापलं की आम्ही खेळातही जन्मतःच उणे पाच. मग खेळात येऊन काय फायदा?”

मला वाटतं या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या इंग्रजी चर्चेपेक्षा हे वाक्य वजनदार आहे. तक्त्यात लिहिलं की जात उन्हासारखी होते. कोणी केली, कोण टिकवतंय, कोणाचा त्यात फायदा आहे, हे सगळं आकड्यामागं गडप होतं, आणि गेम मास्टरही हात वर करून मोकळा: नियमच आहे तसा. खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सला हा काटा फार वर्षं टोचत होता. 1978च्या पुस्तकात एल्फ, बुटके अशा काल्पनिक जमातींच्या पात्रांना वंशावरून अमुक वर्गात अमुक पातळीच्या वर जाताच येत नसे. नंतर त्या मर्यादा गेल्या, वंशाचे अधिक गुण राहिले. 2020 साली ते गुण हवे तिथं फिरवायची पर्यायी मुभा आली. 2024च्या आवृत्तीत वंश हा शब्दच काढला आणि गुणांची वाढ पात्राच्या आधीच्या आयुष्याकडं दिली. पन्नास वर्षं लागली. आमच्या भागात एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी 1978च्या ठरावापासून 1994 उजाडावं लागलं, तिथं खेळाच्या पुस्तकाला काय हसायचं.

बारवेचं पान आता असं आहे. नियम पाण्याचा: किती पायऱ्या उतरल्यावर पाणी लागतं, उन्हाळ्यात पातळी किती खाली जाते, एका खेपेला किती घागरी निघतात. माणसं चार. पायरीवर बसून लोकांना अडवणारा एक जण, आणि त्याला हे काम कोणी लावून दिलं त्याचं नाव. रात्री गुपचूप पाणी भरणारी दोन भावंडं. सर्वांना पाणी पाजणारा एक महानुभाव साधू, ज्याच्यावर गावाचा डोळा आहे. अन्याय पूर्णच्या पूर्ण पानावर आहे, पण त्याला नाव आणि तोंड आहे. त्याच्याशी भांडता येतं. आमच्या खेळात ताईंचं पात्र त्या पायरीवरच्या माणसासमोर ठाण मांडून बसलं आणि म्हणालं, तुला पाणी कोण आणून देतं ते आधी सांग. फासे टाकावे लागले, आणि ते वाईट पडले. पण उणे पाच कुठून आलं नाही.

यावर एक आक्षेप भाच्यानं घेतला आणि तो खोडता येत नाही. सगळं माणसांवर सोडलं तर जो खेळाडू बोलायला तरबेज तोच जिंकतो. बुजरा मुलगा मागं पडतो, कारण त्याच्या पात्राचं वक्तृत्व कागदावर कितीही असलं तरी त्याच्या स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नाहीत. दुकानमालकाचं असंच होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून रविवारी त्याला बोलवत नाही. म्हणून बोलण्यासाठीही फासा ठेवलाय, फक्त तो टाकण्याआधी एवढं सांगायचं की समोरच्याला काय देऊ करतोस. पुढं फासा बघून घेतो. हा तोडगा पुरेसा नाही, पण मालक खेळायला येतो.

सध्या गाडी अडली आहे ती गोदावरीच्या उताराच्या पानावर. पैठणखाली नदी ओलांडायची, आषाढ लागलेला. पाणी किती चढलं हा नियम, यावर दुमत नाही. दोन फासे टाकून बेरीज, मधल्या बेरजा टोकाच्या बेरजांपेक्षा जास्त वेळा येतात, सात तर छत्तीसात सहा वेळा, त्यामुळे बहुतेक वेळा पाणी छातीपर्यंत आणि कधीतरी जीवघेणं. वाद आहे तो नावेच्या भाड्यावर. आप्पांना भाड्याचा तक्ता हवाय, माणशी किती, बैलाला किती, पोत्याला किती. सरकारी दर जाहीर असल्याशिवाय लूट होते असा त्यांचा नोकरीभराचा अनुभव. मी म्हणतो, नावाड्याला घरी पोरीचं लग्न काढलंय आणि पाणी चढतंय हे त्याला दिसतंय, एवढंच लिहू. ताईंचं म्हणणं, तक्ता छापा आणि खाली लिहा की नावाडी तो मानत नाही. बहुधा तेच होईल. आप्पा तक्ता घेऊन येणार आहेत, बैलाचे दर त्यांनी काढलेतसुद्धा; शेळीचं काय करायचं यावर अडलेत.